‘वाईट नाही’ म्हटलेली बंदूक

आमच्या बर्फाळ कायनू प्रांताच्या जंगलात कुणी एखाद्या वस्तूला ‘वाईट नाही’ म्हटलं, की ती डोळे मिटून घ्यावी. याल्मारी तर एवढीही दाद देत नसे. जन्मभर त्याने लाकूड गिरणीत करवतीच्या पात्यांना धार लावली. एखाद्याची महागडी सुरी टाकाऊ निघाली, तर तो म्हणायचा, “लोणी कापायला चालेल.”

त्या शरदात त्याने नवी बंदूक घेतली. ती रिकामी करायची तर आधी सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, काढावी लागे. कडक हिमाच्या एका सकाळी त्याने ती सरकवली आणि बंदूक सुटली. गोळी शेवाळात घुसली. चापाला बोट लागलंच नव्हतं.

याल्मारी कुणाला काही बोलला नाही. रिकामी बंदूक त्याने रात्रभर गोठत्या खोपटात ठेवली. सकाळी सेफ्टी काढली, तर गोळी उडवणारी आतली पिन आपोआप ‘टक्’ पडली. चुलीजवळ ठेवल्यावर मात्र एकदाही नाही. दुकानदार म्हणाला, “आजोबा, वंगण गोठलं असेल.” याल्मारीने वंगण पुसून काढलं. तरी टक्.

मग शिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो लिहायला बसला. कुणावर अन्याय नको म्हणून आधी गुण लिहिले: नेम अचूक, दस्ता सुबक, एकूण वाईट नाही. चार तारे. शेवटी एक ओळ: ‘थंडीत सेफ्टी काढताना नळी जमिनीकडे असलेली बरी.’

खाली कुणीतरी चिडवलं, “बोटाला विचारा, आजोबा!” याल्मारीने बंदूक दुकानात परत टाकली आणि जुनी घेऊन तो शिकारीच्या हाकाऱ्याला आला.

मूस हरणाच्या हाकाऱ्यात जो तो आपल्या जागी गप्प बसतो. बोलायचं ते रेडिओवर, कामापुरतं. त्या सकाळी श्वाससुद्धा मिशांवर गोठत होता. याल्मारीची भाची साइमी आणि तिचा नवरा तापानी उशिरा आले; साइमी थेट आपल्या मचाणावर गेली.

“जागेवर आहे. बंदूक भरलीय,” रेडिओवर तिचा आवाज आला. “आणि मामा, तुझ्या बंदुकीची जुळी बहीण आणलीय बरं का! तू चार तारे दिलेस म्हटल्यावर तापानी म्हणाला, आजच घेऊन टाक.”

“गप्पा नंतर, सगळे सूप प्यायला बसू तेव्हा,” आमचा म्होरक्या ओइवा खेकसला. “कुत्री सोडतोय.”

मी याल्मारीच्या शेजारच्या जागेवर होतो. झाडांमधून तो मला दिसत होता. रेडिओ तोंडाजवळ नेऊन त्याने तो खाली केला. हाकाऱ्यात बोलू नये, हा नियम त्यानेच आम्हाला शिकवला होता. कुत्री भुंकत दूर गेली, मग तेही थांबलं. जंगलात कुठेतरी गोठलेलं खोड तडकलं आणि याल्मारी दचकला. त्याला दचकताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“आज काही नाही,” शेवटी ओइवा म्हणाला. “बंदुका रिकाम्या करा.”

“साइमी, थांब!” याल्मारी रेडिओवर ओरडला. “शेवटची ओळ वाचलीस ना?”

“वाचली की. नळी जमिनीकडे. शाळेतल्या पोरांनाही येतं ते, मामा. हे बघ, खाली धरूनच सेफ्टी...”

“काढू नकोस! ती आपो–”

बार झाला.

मचाणावरून नळी जमिनीकडे धरली, म्हणजे ती शिडीकडेच होते. आणि शिडीवर तापानी चढत होता, बायकोसाठी कॉफी घेऊन.

रेडिओ खरखरला. मग साइमी बोलली, अगदी हळू. “मामा, माझं बोट बाहेर होतं.” पुढे म्हणाली, “तापानी खाली बसलाय. पायरी फुटली. त्याला लागलं नाही.”

याल्मारी सूपाला थांबला नाही. घरी जाऊन त्याने पहिली ओळ बदलली: ‘ही बंदूक थंडीत सेफ्टी काढताच आपोआप सुटते. वापरू नका.’ तारा एकच ठेवला. नेम अचूक असल्याचं मात्र खोडलं नाही, कारण ते खरं होतं.

पण जुनं वाचून गेलेले परत कशाला वाचतील? खाली ज्यांनी ‘आभार, घेतली’ असं लिहिलं होतं, त्या प्रत्येकाला त्याने वेगळा निरोप धाडला. बहुतेकांची उत्तरं आली. उत्तरेकडच्या एकाचं आलं नाही. तिकडे त्या आठवड्यात आमच्याहून जास्त थंडी होती.

याल्मारी अजूनही रोज ते पान उघडतो.