आमचे जरनेल आणि न पेटलेल्या चुली

आमच्या गावात माझ्या खापरपणजोबांना अजूनही जरनेल म्हणतात. निजामाच्या अमदानीत, एकोणिसाव्या शतकात, घरचं एकुलतं घोडं घेऊन ते हैदराबादच्या फौजेत शिलेदार म्हणून गेले. पुढे रिसालदार झाले, मग जरनेल. लिहिता येत नव्हतं, शिक्का उठवायचे. दुष्काळात त्यांनी ज्वारीची पेवं उघडली आणि गावासाठी बारव बांधली. म्हातारपणी हात थरथरायला लागला तेव्हा फौजेनं घरी पाठवलं. सोबत इनामाची काळी जमीन मिळाली. ती अजून आमच्याकडे आहे.

दर दसऱ्याला लिंबागणेशकडचा एक गोंधळी येऊन त्यांचा पोवाडा म्हणतो. त्यात एक कडवं आहे. बंडखोराला आसरा देणारं गाव जरनेलांनी वारा बघून पेटवलं, असं त्यात सांगितलंय. तिथे संबळ जोरात घुमतो. लहानपणी मला तेच कडवं सगळ्यात आवडायचं. मी ते पुन्हा म्हणायला लावायची आणि सगळे कौतुकानं हसायचे.

लग्नानंतर मी शिक्षिका झाले. वडवणीजवळच्या एका गावात बदली झाली. नवरा त्याच्या नोकरीच्या गावीच राहिला, म्हणून तिथे मी एकटीनंच एका मावशींच्या घरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. त्यांचा मुलगा आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, मग घरात आम्ही दोघीच. त्या माझ्या डोक्याला तेल लावून द्यायच्या, शेतातून हुरडा आणायच्या.

पहिल्याच पौषात एका सकाळी मी चहासाठी गॅस पेटवायला गेले, तर मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आज गावात जाळ करायचा नाही. मला वाटलं, एखादं व्रत असेल. त्यांनी रात्रीची भाकरी आणि दही माझ्यापुढे ठेवलं आणि सांगायला बसल्या. खूप मागं सरकारी फौज आली होती. चहूबाजूंनी गाव पेटवलं. धडधाकट माणसं रानात पळाली. म्हातारी, आजारी आणि बाळंतिणी आतच राहिल्या. म्हणून या दिवशी एकही चूल पेटत नाही.

"कोणाची फौज होती?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या माहेरचं आडनाव घेतलं.

माझं सासरचं आडनाव वेगळं, त्यामुळे त्यांना काही माहीत असायचं कारण नव्हतं. मी मान खाली घालून भाकरी खाल्ली. त्या दिवसापासून त्यांची माया मला झेपेना. त्या केसांना तेल लावायच्या तेव्हा मी डोळे मिटून घ्यायची, कारण समोर आरसा असायचा.

पुढच्या दसऱ्याला माहेरी ते कडवं सुरू झालं तसं मी उठून बाहेर गेले. रात्री वडिलांना सगळं सांगितलं. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. गावकीत त्यांचा शब्द चालतो, त्यामुळे कुणी समोरून काही विचारलेलं त्यांना खपत नाही.

"हुकूम वरून आलता," ते म्हणाले. "न्हाई जाळलं असतं तर त्यांचंच मुंडकं गेलं असतं."

"गेलं असतं," मी म्हणाले. "पण आण्णा, आपण त्यावर संबळ वाजवतो."

ते उठून आत गेले. मी निघताना मात्र त्यांनीच विचारलं, तो दिवस पौषात नेमका कधी येतो.

परत आल्यावर मी मावशींना माझं माहेर सांगून टाकलं. त्या ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. मग एवढंच विचारलं, "त्या मेलेल्या माणसांचं तुमच्याकडं काई करत्यात का?"

करत नाही, म्हणून सांगितलं. त्यांनी सूप उचललं आणि आत गेल्या. पुढचे काही दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. खोली सोडा असं काही त्यांनी म्हटलं नाही.

पौषात त्याच दिवशी आण्णा खरोखर आले. बरोबर कोणी नाही, फेटाही नाही. त्यांचा निरोप आल्याचं मी सांगितल्यावर मावशींनी जुन्या माणसांना कल्पना दिली होती. मारुतीच्या पारावर सगळे बसले. आण्णांना भाषणांची सवय, पण तिथे ते उभे न राहता बसूनच बोलले.

"माझ्या हातून काय झालं न्हाई," ते म्हणाले. "पण त्या जमिनीचंच खाऊन आमी मोठे झालो. तुमचं गाव जळालेलं आमी गाण्यात ऐकत आलो, आन् खुशीनं ऐकत आलो. ते लई वाईट झालं."

एक म्हातारे काठी टेकत उठले आणि आण्णांकडे न बघता निघून गेले. त्यांच्या घराण्यातली माणसं त्या जाळात गेली होती, हे मला नंतर कळलं. मावशींनी आण्णांच्या हातावर शिळी भाकरी ठेवली. त्यांनी ती सगळी खाल्ली. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले तेव्हा ते म्हणाले, माफी मिळाली असं घरी कोणाला सांगू नकोस.

नाहीच सांगितलं. कारण जमीन आजही आमचीच आहे, आणि ती कोणाला द्यायची, हे ना मला ठरवता आलंय ना आण्णांना. मावशी पुन्हा पहिल्यासारख्या बोलतात. ते म्हातारे बोलत नाहीत. त्यांची नात माझ्या वर्गात आहे, हुशार आहे. तिला न्यायला ते शाळेच्या फाटकाशी येतात, तेव्हा मी व्हरांड्यातच थांबते आणि पोरीला एकटीलाच पुढे पाठवते.