अनुमोदक

"खिडकी उघड रे. मासळीबाजार भरलो."

पंचायतीच्या पहिल्या सभेत मी खुर्चीवर टेकलो आणि सरपंचांनी शिपायाला हे सांगितलं. बाकीचे मेंबर हसले. मीपण हसलो. सकाळी दोनदा अंग घासून गेलो होतो. बायकोने नवा साबण काढून दिला होता. तरी उठलो आणि खिडकीखाली जमिनीवर जाऊन बसलो. कोणी खाली बस म्हणालं नव्हतं. माझा मीच बसलो. तेच जास्त लागतं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मालवणच्या वरच्या अंगाला आमचा गाव. आमच्या वस्तीचा वाडा किनाऱ्याला, सगळे होडीवाले. वाड्यातला एक मेंबर हवा म्हणून सरपंचांनी मला उभा केला. मलाच का, ते मला ठाऊक होतं. माझी झोपडी त्यांच्या माडांत. मला अक्षर येत नव्हतं. आणि मी भित्रा. शेजारचा म्हातारा मेला तेव्हा तिरडी बांधायच्या आधी सरपंचांचा माणूस शाईची डबी घेऊन आला आणि मेलेल्याचा अंगठा कागदावर उठवून घेऊन गेला. पुढे ती जागा गेली. मी तिथे उभा होतो. बोललो नाही. अशा माणसाला मेंबर करतात.

काम सोपं होतं. सरपंच खोकले की हात वर करायचा. सेक्रेटरी लिहायचा, सूचक अमुक, अनुमोदक, आणि पुढे माझं नाव. मग माझा अंगठा धरून वहीत दाबायचा. एकदा सरपंचांना खरोखरचा खोकला झाला. त्या दिवशी माझा हात खाली येईना. सगळे पोट धरून हसले.

प्रत्येक ठरावाला अनुमोदक मीच. मला वाटलं हा हुद्दा आहे. सरपंच, उपसरपंच, मग अनुमोदक.

घरी शेवंतीला सांगितलं, "माका अनुमोदक केल्यानी."

शेवंती माझी बायको. तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, बसून मासळी विकायची. ती हरखली. बायकांना सांगून आली. तेव्हापासून त्या तिला चिडवायच्या, "अनुमोदकीण इली गो, सरकान बसा."

एके सकाळी होडीवरची बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन मी तिठ्यावर पोचलो. शिपाई बायकांच्या टोपल्या पायाने ढकलत होता. खांबाला कागद चिकटवलेला. शेवंती आचऱ्याची, माहेरी दुसरीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून ठेवून वाचत होती. दुर्गंधीमुळे देवळात जाणाऱ्यांस त्रास होतो, सबब मासळी विकणाऱ्यांनी व्हाळाच्या ओढ्यापलीकडे, मसणवाटेला बसावे. बोट खाली आलं. अनुमोदक. पुढे माझं नाव. ते तिने वाचलं आणि बोट तिथेच राहिलं.

सरपंच दुकानाच्या फळीवर बसलेले. म्हणाले, "माझ्याकडे काय बघतस गो? घोवाक विचार. त्याचोच अंगठो आसा."

"अनुमोदक म्हणजे काय ता?" शेवंतीने विचारलं.

"होय म्हणणारो."

"मगे नाय म्हणणाऱ्याक काय म्हणतत?"

ते हसले. "तसो कोण नसता."

शिपाई खाली बघत पुटपुटला, "विरोध. तसा लिवतत."

टोपलीतलं बांगड्यांचं पाणी माझ्या तोंडावरून गळत होतं. दोन्ही हात टोपलीला. पुसायला हात नव्हता. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. माझ्याच अंगठ्याने मी माझ्या बाईलीला मसणात बसवली होती, आणि ते मलाच ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. चुलीतली राख जमिनीवर पसरली आणि बोटाने अक्षरं काढली.

"गिरव."

"झोपडीतून भायर काढतले," मी म्हणालो.

"काढूदेत. आतापण भायरच आसंव आपण."

पुढच्या सभेपर्यंत मी तो एकच शब्द गिरवला. माझं नावसुद्धा नाही.

सभेला गेलो आणि खुर्चीवर बसलो. सरपंचांनी खिडकीकडे बघितलं. मी उठलो नाही.  बसल्या जागी मुतेन असं वाटत होतं. मागल्या सभेचे ठराव कायम करायचे होते. सरपंच खोकले. मी हात मांडीखाली दाबून धरला. म्हणालो, "वाचून दाखवा."

"तुका वाचूक येता काय रे मेंबर?"

"नाय. ऐकाक येता."

सेक्रेटरीने वाचलं. तिठ्याचा ठराव आला. त्याने सवयीने शाईची डबी माझ्यापुढे सारली. मी टाक उचलला आणि लिहिलं. शाई सांडली. सरपंच उठून आले, वाकून बघितलं आणि मोठ्याने वाचलं, "विरध." पुन्हा सगळे हसले. मी टाक परत घेतला आणि र ला काना-मात्रा दिली.

ठराव तसाच राहिला. बाकीचे हात वर होतेच. शिमग्याआधी सरपंचांनी माझी झोपडी मोडली. शेवंती तिठ्यावर बसतच राहिली. टोपली लाथाडली की मासळी धुवायची आणि त्याच जागी बसायची. पुढच्या निवडणुकीला मी त्यांच्याविरुद्ध उभा राहिलो आणि पडलो. त्याच्या पुढच्या वेळी निवडून आलो. मग मेंबरच राहिलो, सरपंच कधी झालो नाही.  प्रत्येक सभेला निघताना शेवंती दारात विचारायची, "भिलंस?" मी म्हणायचो, "भिलंय." ती म्हणायची, "मगे जा."

आता ते विचारणारं कोणी नाही. पंधरा दिवस झाले तिला जाऊन.

बाराव्याला पंचायतीची माणसं दुखवट्याचा ठराव घेऊन आली. आताचा सरपंच त्या सरपंचाचा नातू. गोड बोलतो.

"आजोबा, तुम्ही जुने मेंबर, इथे सही करा."

"वाचून दाखव."

त्याने वाचलं. पंचायतीने त्यांना व इतर भगिनींना व्हाळापलीकडे विक्रीसाठी जागा मिळवून दिली होती, असं लिहिलेलं. मसणवाट हा शब्द तेवढा गाळलेला. बाकी सगळं चांगलं लिहिलं होतं.

 तीच जुनी भीती आली. घर गेलं, बाईल गेली, तरी ती आहेच. मी पेन घेतलं आणि तिच्या दुखवट्यावर लिहिलं, विरोध. काना-मात्रा विसरलो नाही.

मुलाला सांगून ठेवलंय. मी मेलो की आधी अंगठा आत घेऊन माझी मूठ आवळून बांध. मग रडा.