रक्त देणाऱ्याचा पेढा

तमाम नातेवाइकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येत आहे, की आमच्या आईचा उजवा गुडघा बदलण्यात येणार असून, त्यानंतर ती लंडनमधल्या हाउन्सलोच्या घराचा जिना चढून आमच्या कपाटांची पुन्हा झडती घेऊ लागेल.

ही घोषणा मी फोनवरून थेट नागपूरपर्यंत केली आणि तोंडावर आपटलो. ऑपरेशनआधीच्या तपासणीत आईच्या रक्तात हिपॅटायटिस सीचा विषाणू निघाला, रक्तावाटे पसरणारा. चाळीसेक वर्षं तो लिव्हरमध्ये गुपचूप राहत होता.

"पूर्वी कधी रक्त चढवलं होतं?" सर्जननं विचारलं.

आईनं माझ्याकडे बोट केलं. "हा झाला तेव्हा."

माझ्या वेळी ती जवळजवळ गेलीच होती. कुणा अनोळखी माणसाच्या रक्तानं वाचली. म्हणून माझ्या प्रत्येक वाढदिवसाला निरांजनाशेजारी वाटीत एक जादा पेढा असे, रक्त देणाऱ्याचा. तो मीच पळवायचो. रिकामी वाटी बघून आई हळूच म्हणायची, "येऊन गेला वाटतं." आणि पेढा माझ्या घशात अडकायचा.

सर्जननं काही लपवलं नाही. लिव्हर थकलंय, रक्त लवकर गोठणार नाही, जखम झिरपत राहील. जंतू आत शिरले तर नवा सांधा काढावाही लागेल.

"करा," आई म्हणाली. "खालच्या सोफ्यावर मरायचं नाही मला."

आठ दिवस जखम झिरपली. ड्रेसिंग बदलताना मी खिडकीबाहेर बघायचो, तर बसस्टॉपवर तो रक्त देणारा उभा. लिफ्टमध्येही तोच. बाही वर सारलेली, चेहरा नाही. मी त्याला मनसोक्त शिव्या घालायचो. मग आठवायचं, तो आला नसता तर आईविना वाढलो असतो, किंवा वाढलोच नसतो.

नवव्या दिवशी माझा वाढदिवस होता. नर्सनं पट्टी उचलली आणि हसली. जखम कोरडी होती. अजून बरंच काही बिघडू शकत होतं, पण गुडघा त्या दिवशी तरी आईचाच होता.

मी डबा उघडला. आत मुद्दाम दोनच पेढे आणले होते, तिचा आणि माझा.

आईनं आत पाहिलं, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडली, "अरे मेल्या, त्याचा कुठाय? त्याला तरी काय ठाऊक होतं!"