ते तारेचंच कशावरून?

बाबा टेलिफोन खात्यात केबल जोडायचे. नोकरीसाठी मराठवाड्यातून या शहरात आले आणि इथल्या नारायणगुडा वस्तीचेच झाले. माझी पीएच.डी.ही तारेवरच होती, पण ती तार फक्त संगणकात होती: अतिशय बारीक आणि अतिसंवाहक, म्हणजे वीज जराही अडथळा न येता वाहू देणारी. अशा तारेच्या दोन अवस्था संभवतात. टोपॉलॉजिकल म्हणतात त्या अवस्थेत दोन्ही टोकांना शून्य ऊर्जेची एक स्थिती येऊन बसते. दिसते टोकाला, पण तिचं कारण तारेच्या आतल्या घडणीत असतं. टोक कसंही घडवा, ती हटत नाही. दुसरी अवस्था साधी, तिच्यात असं काही नसतं. मला टोकाला ती स्थिती दिसली, तार टोपॉलॉजिकल आहे असा माझा शोधनिबंध छापून आला आणि बाबांनी कोठीच्या बाजारातून जिलेबी आणली.

त्या संध्याकाळी त्यांचे एक जुने सहकारी आले होते, मी त्यांना काका म्हणते. बाबांनी मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग बाबा म्हणाले, "आमच्याकडं बिघाड तारेत कमी, टोकालाच जास्त असायचा. तुला दिसतंय ते तारेचंच कशावरून? टोक बदलून बघितलंस का?"

"बाबा, हे काय तुमचं खांबावरचं काम आहे?"

काका हसले. "घ्या, पोरीनं लाइनच कट केली तुमची." बाबाही हसले आणि त्यांनी बशी माझ्यापुढे सरकवली.

पुढच्या हिवाळ्यात मी टोक बदलून बघितलं, तेही मार्गदर्शकांनी सांगितलं म्हणून. मी तार टोकाशी एकदम न संपवता हळूहळू उतरती केली होती. ती सरळ तोडली, तर स्थिती नाहीशी झाली. तार साध्याच अवस्थेत होती. दिसत होतं ते त्या उताराचं. तपासायला अर्धा तासही लागला नाही. निबंध मागे घेतला. बाबांना मी म्हणाले, "थोडी दुरुस्ती आहे."

"हौ का? कर मग सावकाश."

त्यानंतर वर्षभर आम्ही रोज सकाळी एकच पेपर वाटून वाचला. चुकीची लाज मला फारशी वाटली नाही, चुका होतात. पण ते बरोबर होते, एवढं वाक्य मला त्यांच्यासमोर उच्चारता आलं नाही. मार्चमध्ये त्यांचं हृदय बंद पडलं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर एकेक जण उठून त्यांच्याविषयी बोलू लागला. काका म्हणाले, "आम्हा पेन्शनरांत स्वतःच सांगायचे, 'जन्मभर टोकं जोडली, म्हणून मला जिथंतिथं टोकंच दिसतात. पोरीनं बरोबर गप केलं.'" लोक हसले. आईही हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

मग माझी पाळी आली. सांगायचं काय ते मला ठाऊक होतं. समोर त्यांचे जुने सोबती बसले होते, ज्यांना ते सांगायला हवं होतं तेच. मी म्हणाले, बाबा फार वक्तशीर होते. आणि बसले.

जिन्याशी काका चपला घालत होते. "बेटी, तुझ्या त्या तारेचं शेवटी काय निघालं?"

"अवघड आहे काका, सांगायला."

"हौ, आम्हाला कुठं कळणार," ते म्हणाले आणि कठडा धरून सावकाश खाली उतरले.