एकाच ताग्यातले शर्ट

सारखे कपडे घालणं हा गुन्हा आहे का, एवढं मला कोणीतरी एकदा समजावून सांगावं. मी काही फार शिकलेली नाही. माहेरी सावनेरला चौथीपर्यंत शाळा केली, पुढचं सगळं पोरांच्या पुस्तकांवरून आणि वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून शिकले. पण अन्याय कळायला शाळा लागत नाही. माझी दोन्ही पोरं आता स्वतः बाप झाली, मोठ्याच्या तर डोक्यावरचे केसही गेले, तरी धरमपेठेतल्या त्या वळणावरून रिक्षा निघाली की माझं तोंड कडू होतं. तिथे आता बंगला नाही, फ्लॅट आहेत. बंगला पडला, पण माझा राग काही पडला नाही.

तेव्हा आम्ही धरमपेठेच्या मागच्या अंगाला, एका गल्लीत दोन खोल्यांत राहायचो. आमचे हे सरकारी ऑफिसात कारकून. मोठा नऊ वर्षांचा, भारी बडबड्या. शेजारच्या काकूला तो "आमचा रेडिओ" म्हणायचा, आणि काकू त्यालाच उलट तेच म्हणायची. धाकटा सहाचा. तो बोलायचा कमी आणि गोळा करायचा जास्त. तारेचा तुकडा, बाटलीचं झाकण, गोटी, चिंचोके, काय वाटेल ते त्याच्या खिशात असायचं. धुण्याआधी खिसे रिकामे करायचे म्हणजे माझी एक वेगळी ड्यूटीच होती.

त्या काळात कंट्रोलचं कापड मिळायचं. सरकारने भाव बांधून दिलेलं, जाडंभरडं, रेशनच्या दुकानात यायचं. ते आलं की गल्लीत बातमी फुटायची आणि आम्ही बाया पिशव्या घेऊन लायनीत. तिथे पसंत-नापसंत काही नव्हतं. दुकानदार एकच तागा काउंटरवर आपटायचा आणि म्हणायचा, "घ्यायचं तं घ्या बाई, नाही तं लाईन सोडा!" त्या दिवाळीला जो तागा आला तो पांढऱ्यावर निळ्या पट्ट्यांचा. पट्टे पण कसे, चांगले बोटभर रुंद. मी घेतलं. शिवण मी घरीच करायची. ह्यांचा एक जुना शर्ट उसवून, त्याचे तुकडे जमिनीवर मांडून मी बेतणं शिकले होते. दोन पोरांना दोन शर्ट झाले, ह्यांना एक झाला, उरल्याचा उशीचा अभ्रा आणि खिडकीला पडदा.

ह्यांनी आपला शर्ट हातात धरून उलटासुलटा पाहिला.

"हा घालून ऑफिसात जाऊ? साहेब म्हणन, बँडवाला आला."

"मग घरी घाला."

"घरी घातला तं या पडद्यात मी दिसणारच नाही ना वं!"

आणि शर्ट ट्रंकेच्या तळाशी गेला. मला राग आला होता, कारण त्याची कॉलर मी दोनदा उसवून बसवली होती. पण तो राग साधा. खरा पुढे आहे.

एकाच दुकानात एकच तागा आलेला, म्हणजे अर्ध्या गल्लीने तेच घेतलं. दिवाळीच्या सकाळी पोरं फटाके घेऊन बाहेर निघाली तर जिकडेतिकडे निळे पट्टे. शेजारच्या काकूच्या दोघांचेही तेच. ती दारात उभी राहून हसत सुटली. "का वं, तुह्या घरचा पडदा कोणता अन् पोट्टा कोणता, मले तं समजूनच नाही राहिलं!" आम्ही सगळ्याच हसलो. सारखं घालण्यात लाज वाटावी असं कोणाच्या मनातही नव्हतं.

शाळेच्या वाटेवर तो बंगला. समोर बोगनवेलीचं कुंपण, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. ह्यांच्याच ऑफिसातले मोठे साहेब तिथे राहायचे. त्यांच्या मुलाला नवी सायकल आली होती, आणि एका दुपारी त्या सायकलची घंटी नाहीशी झाली. कोणी काढली, कुठे गेली, मला आजही माहीत नाही. पण माझ्या धाकट्याने ती काढली नाही, हे मला माहीत होतं, कारण त्या दुपारी तो माझ्यासोबत गव्हाचा डबा धरून चक्कीवर होता. लाईट गेली म्हणून आम्ही तिथेच बसून राहिलो होतो. त्याच्या पापण्यासुद्धा पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या आणि चक्कीवाला त्याला "आजोबा, आजोबा" म्हणून चिडवत होता. उन्हं कलली तेव्हा आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटून दोघे भाऊ येत होते. शाळेला गणवेश नव्हता, अंगावर तेच दिवाळीचे शर्ट. मोठा मित्रांबरोबर बडबडत पुढे गेलेला. साहेबांच्या बाईंनी व्हरांड्यातून पाहिलं, नोकर पाठवला आणि धाकट्याला धरून फाटकाशी आणलं. भर रस्त्यात, शाळेची सगळी पोरं बघताहेत, आणि त्याचे खिसे उलटे केले! चिंचोके पडले, तार पडली, गोटी गडगडत नालीत गेली. घंटी निघाली का? नाही निघाली. मग सोडायचं ना? तर नाही. "लपवलीस कुठे, चोरा? उद्या आणून दे," म्हणून सांगितलं. सहा वर्षांच्या लेकराला!

गलका ऐकून मागे फिरलेल्या मोठ्या पोराने हे सगळं मला सांगितलं, धापा टाकत, हातवारे करत. धाकटा सरळ आत गेला, शर्ट काढला, चुरगाळून पलंगाखाली शेवटच्या कोपऱ्यात ढकलला, आणि उघडाच जेवायला बसला. दिवस थंडीचे.

"अरे, शर्ट घाल."

"नाही घालत."

"काहून?"

"तो चोराचा हाय."

सांगा, हे ऐकून कोणत्या आईच्या हातातली भाकरी नीट भाजली जाईल?

संध्याकाळी हे आले. पाय धुतले, चहा घेतला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हे चहा टाकून उठतील. हे उठले नाहीत. बशीत बघत म्हणाले, "जाऊ दे ना वं. मोठे लोक आहेत. साहेबाले वाईट वाटलं तं माहीच पंचाईत होईन."

"आणि पोराला वाईट वाटलं त्याचं काय?"

"घंटीच तं हाय. आपण एक नवी आणून देऊ, मिटवून टाकू."

मिटवून टाकू! म्हणजे घेतली नाही ती घंटी परत द्यायची! मी तोंड उघडणार, तेवढ्यात पलंगाच्या कडेला पाटी घेऊन बसलेला धाकटा बोलला. दुपारच्या त्या जेवणानंतर पहिल्यांदाच.

"बाबा, मी घेतलीच नाही तं आपण काहून देऊन राहिलो?"

ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग बशी खाली ठेवली, बाहेर गेले आणि अंधार पडेपर्यंत सायकलची चेन पुसत बसले. ती चेन त्यांनी आदल्याच रविवारी पुसली होती.

मी ठरवलं, हे जात नाहीत तर मी जाते. मला माफी नको होती, भांडण नको होतं. त्या बाईने माझ्या पोराकडे बघून एवढंच म्हणावं, "तू घेतली नाहीस." तिच्याच तोंडून हवं होतं, कारण तिच्याच तोंडून 'चोर' निघालं होतं. आईने हजारदा सांगितलं तरी ते पुसलं जात नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. धाकट्याचा हात धरला. त्याने मागच्या वर्षीचा शर्ट घातला होता, बाह्या कोपरापर्यंत चढलेल्या. मोठा सोबत. काकूने विचारलं, "कुठी चालली वं?" मी सांगितलं. तिने पदर खोचला. "थांब, मीबी येतो." ती निघाली म्हणून तिची पोरं निघाली, ती निघाली म्हणून गल्लीतली बाकीची. मी कोणाला बोलावलं नव्हतं. पण बंगल्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा माझ्या मागे निळ्या पट्ट्यांची वरातच होती.

बाई व्हरांड्यात स्वेटर विणत बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

"काय आहे?"

"बाईसाहेब, हा माझा मुलगा. याने तुमची घंटी घेतली नाही. त्या वेळी हा माझ्यासोबत चक्कीवर होता. चक्कीवाल्याला विचारा."

"हे पहा, आई तर असंच म्हणणार. मी इथेच बसले होते. कुंपणापाशी निळ्या पट्ट्यांचा शर्ट पळताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला."

शर्ट पळाला म्हणे! शर्टाला काय पाय होते? आत पोरगं होतं की नाही? त्याला तोंड होतं की नाही?

"कोणता शर्ट, बाईसाहेब?" मी म्हटलं, आणि बाजूला झाले.

त्यांनी पहिल्यांदा मान वर करून पाहिलं. फाटकाला लागून सगळी पोरं उभी. कोणाच्या नाकाला शेंबूड, कोणाच्या कडेवर बहीण. आमच्या रेडिओला, म्हणजे मोठ्याला, राहवलं नाही. "माह्या शर्टाचे बटन लाल हायेत, नीट पाहून घ्या!" काकूच्या धाकट्याने लगेच पोट पुढे काढलं. "माहे काळे!" पोरं फिदीफिदी हसायला लागली.

बाईंचा चेहरा लाल झाला. विणकाम मांडीवर ठेवून म्हणाल्या, "आता यातला कोणता ते मला कसं कळणार? तुमची सगळी मुलं सारखीच दिसतात."

काकू म्हणाली, "सारखी नाही दिसत बाई, कपडा सारखा हाय. अन् सारखी दिसते तं याचेच खिशे काहून पाहिले?"

बाई सुया गोळा करू लागल्या.

मी म्हटलं, "बाईसाहेब, मला काही नको. फक्त याला सांगा की याने घेतली नाही."

त्यांनी धाकट्याकडे बघितलंसुद्धा नाही. लोकरीचा गोळा उचलला. "बरं बरं, राहू दे. एका घंटीसाठी एवढा गोंधळ कशाला? घंटी नको आम्हाला." आणि आत गेल्या. जाळीचं दार आपटलं.

राहू दे! ऐकलं ना तुम्ही? जसं काही आम्हीच माफी मागायला गेलो होतो आणि त्यांनी मोठ्या मनाने केलं माफ!

परत येताना काकू बोलत होती, पोरं उड्या मारत होती, त्यांना ती सहलच झाली. धाकटा माझ्या हाताला धरून खाली बघत चालत होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्याने हळूच विचारलं, "मंग आई, मी चोर हाय का नाही?"

"नाहीस रे राजा."

"त्या तं नाही म्हणल्याच नाही."

 रात्री हे ताटावर बसले तेव्हा मी पोराची ही दोन्ही वाक्यं जशीच्या तशी ह्यांच्या पानात वाढली. ह्यांनी त्या रात्री भात मागितला नाही.

सकाळी मी पोळ्या करत होते, तर आतून ट्रंक ओढल्याचा आवाज. बघते तो हे आरशासमोर उभे, अंगात तो निळ्या पट्ट्यांचा शर्ट. घडीच्या चौकोनी रेघा छातीवर उमटलेल्या, डांबरगोळ्यांचा वास साऱ्या खोलीत. 

"अहो, ऑफिसात?"

"हौ."

"इस्त्री तरी करून देते!"

"राहू दे."

त्या दिवशी ते 'राहू दे' मला गोड लागलं, हे खरं आहे.

धाकटा दारात उभा राहून बापाला वरून खालपर्यंत पाहत होता. मग वाकला, पलंगाखाली अर्धा आत गेला, आणि जाळ्यांसकट आपला शर्ट ओढून आणला. मी झटकला, त्याने घातला. हे त्याला पुढच्या दांडीवर घेऊन बसले, मोठा मागे कॅरिअरवर. तिघे बापलेक, एकाच ताग्यातले. काकू ओट्यावरून ओरडली, "भाऊजी, बँड कुठी वाजवाले चालला?"

"पुढच्या चौकात, वहिनी!" हे म्हणाले. हे असं मोठ्याने कधी बोलत नसत.

पुढचं मोठ्या पोराने घरी येऊन सांगितलं. सायकलीचा मोठा रस्ता सोडून हे पोरांच्या शाळेच्या वाटेने, बंगल्यावरून गेले. फाटकाशी सायकल थांबवली, एक पाय टेकला आणि धाकट्याला म्हणाले, "वाजव." आमच्या सायकलची घंटी म्हणजे गंजलेली, खडखड करणारी. त्याने ती पोटभर वाजवली. साहेब व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, ह्यांना पाहिलं, शर्टाला पाहिलं, पोराच्या शर्टाला पाहिलं, आणि पेपर पुन्हा वर केला.

ऑफिसात काय झालं ते ह्यांनी मला कधी सांगितलं नाही. संध्याकाळी आले, शर्ट खुंटीला लावला, म्हणाले, "धुऊन टाक. परवा पाहिजे." तो शर्ट ह्यांनी कॉलर फाटेपर्यंत ऑफिसात घातला. धाकट्याने त्याचा घातला, तो आखूड झाला तेव्हा मोठ्याचा घातला. खिशात पुन्हा चिंचोके यायला लागले.

लोक म्हणतात, मग झालं ना, कशाला अजून उगाळत बसता? पोरगं तर विसरलंही असेल. नाही विसरलं. मागच्या महिन्यात त्याच्या मुलाच्या शाळेतून तक्रार आली, तर त्याने शाळेत जाऊन पहिलं काय विचारलं माहीत आहे? "तुम्ही त्याचा चेहरा पाहिला होता का?"

ह्यांनी केलं ते केलं, मी कमी म्हणत नाही. पण मला तो एक शब्द हवा होता, तिच्या तोंडून, माझ्या पोराकडे बघून. तो आला नाही. राहू दे म्हणाल्या त्या. मी नाही राहू दिलेलं.