बाबांनी घेतलेलं वकीलपत्र

रविवारी सकाळी मालिकेची वेळ झाली की बाबा आंजी गावातल्या आमच्या किराणा दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचे. राजे, राक्षस, नागलोक, मंत्रानं उघडणारे डोंगर, असा सगळा मामला. आई गेली त्याच वर्षी बाबांनी टीव्ही आणला होता. मी, दादा आणि बाबा एका चटईवर बसायचो, आणि शेजारचे शेतकरी काका दाराजवळच्या पोत्यावर.

काकांना मालिका बघायची नसायचीच, तिच्यातल्या चुका काढायच्या असायच्या. सैनिकाच्या मनगटावर घड्याळ दिसलं की ते मांडीवर थाप मारत. बाबा शांतपणे सांगत, घड्याळ कुठलं, गुरूनं बांधलेला ताईत आहे तो. घनदाट जंगलामागे विजेचा खांब उभा दिसला, तर तो राक्षसाच्या हद्दीचा. नदीत बुडालेला राजपुत्र कोरड्या केसांनी वर आला, तर ती नागकन्येची करामत. एका रविवारी राजकन्येचं काम करणारी बाईच चक्क बदलली. आता काय सांगता, म्हणून काका पुढे सरकले. बाबा म्हणाले, दुःखानं माणसाचा चेहरा बदलतो. आईचं वर्षश्राद्धही तेव्हा व्हायचं होतं. काका पोत्यावर मागे सरकून बसले.

त्या मालिकेचं वकीलपत्रच घेतलं होतं बाबांनी. आणि हाच माणूस धंद्यात सख्ख्या भावावर विश्वास ठेवायचा नाही. तुरीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा ओलावा शोधायचा. मला चीड यायची. एकदा मी विचारलंच, की तुम्हाला तर सगळं दिसतं, मग कशाला आमच्या डोळ्यांत धूळ फेकता?

"खोट काढत बसलो तं पाहाची मजा जाते," ते म्हणाले. "मंग रविवारी आपण तिघायनं कराचं काय?"

पुढे दादा नोकरीसाठी पुण्याला गेला. आधी सणासुदीला यायचा, मग फक्त दिवाळीला, लग्न झाल्यावर तेही नाही. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, निदान मिटवता आलं असतं. बाबा दुकानात बसून सांगायचे, कंपनी सुट्टी देत नाही, पोराचा अभ्यास असतो. एका दिवाळीत म्हणाले, सुनेला आपल्याकडचं ऊन सोसत नाही. दिवाळीत कसलं आलंय ऊन? पण ज्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही ते काका मान खाली घालून नुसतं "हो नं" म्हणाले. त्या दिवशी मला काकांचीही दया आली आणि बाबांचीही.

बाबांचं पोटाचं दुखणं वाढलं तेव्हा मी त्यांना वर्ध्याला माझ्या घरी आणलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की आता घरीच ठेवा, खायला मागतील ते द्या. मी दादाला फोन केला. येणं जमणार नाही म्हणाला. का, ते मी खोदून खोदून विचारलं, त्यानं सांगितलं नाही. निदान कारण तरी द्यायचं होतं मेल्यानं, खोटं का असेना.

त्यानं दिलं नाही, म्हणून मी तयार करायला लागले. गाडीचं रिझर्व्हेशन मिळेना, साहेब परदेशातून आलेत, पोराला ताप आहे. बाबा सगळं ऐकून घेत आणि विचारत, "बरा आहे नं पोरगा आता?" दादाची वाट बघत जीव धरून होते ते. मला कळत होतं, आणि त्याचा इतका राग यायचा, की पेजेचं भांडं मी ओट्यावर आदळायचे.

एका सकाळी त्यांना पेज भरवताना मी म्हटलं, "बाबा, काल दुपारी दादाचा फोन आलता. तुम्ही झोपले होते, म्हणून उठवलं नाई."

त्यांनी घोट गिळला. "काल तं दिवसभर डोळ्याले डोळा नाई लागला, बेटा. लई दुखत होतं."

खरंच होतं ते. आदल्या दुपारभर मीच तर त्यांचे पाय दाबत बसले होते. मी वाटीत चमचा ढवळत राहिले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग कष्टानं कुशीवर वळून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"लागला असन मंग दुपारून थोडासा," ते म्हणाले. "काय म्हणे तो?"