सुकेळीची पिशवी घेऊन मी गप्प बसले

आज सकाळी चर्चमध्ये, मिस्सेच्या प्रार्थनेत मी पुरती अडकले. मंडळी, हसू नका.

आमच्या युवा गटातले आम्ही सहा कॉलेजवाले पुढच्या आठवड्यात आफ्रिकेत, मलावीला चाललोय. तिथल्या मिशनच्या शाळेत तीन आठवडे शिकवायला.

मी मात्र आज फादरांना सांगणार होते की मी येत नाही. नालासोपाऱ्याच्या एका चाळीतल्या मुलांना दर रविवारी शिकवायचं मी कबूल केलं होतं आणि दोनदाच गेले. वसईतून नालासोपारा जमलं नाही, आणि मी निघालेय मलावीला.

पण मिस्सा संपायच्या आधीच फादरांनी आम्हाला वेदीसमोर बोलावलं. अख्ख्या चर्चने आमच्या दिशेने हात पुढे करून प्रार्थना केली. बाहेर आले तर गिरीज गावातल्या मावशीने सुकेळीची पिशवी हातात कोंबली. "तिथल्या पोरांना दे गं. केळी मी स्वतः सुकवलीत."

तरी फादरांकडे निघालेच, तर गटातला एल्टन आडवा आला. हळूच म्हणाला, "खरं सांगू? मला जाम भीती वाटतेय. तू आहेस म्हणून मी हो म्हटलं."

तेवढ्यात फादर समोर. "काही बोलायचं होतं का गं?"

मी म्हटलं, "थँक्यू फादर."

आता बॅग भरतेय. सुकेळी सगळ्यात वर ठेवलीत. घेतलेला आशीर्वाद परत कसा करतात, कुणाला ठाऊक असेल तर सांगा.